जुनी काडी

२ मार्च

थंडी. पूर्वेचा वारा. पाऊस नाही.

ही वही बेथनच्या सांगण्यावरून. बेथन म्हणजे म्युरिएलला बोलायला शिकवते ती पोरगी, दर सोमवारी येते. म्हणाली, "मिस्टर रॅग, म्युरिएल दिवसात जे शब्द बोलतील ते लिहून ठेवा. बाकी तुमच्या मनात येईल तेही लिहा, तुम्हालाही बरं वाटेल." बरं वाटायला मला काय धाड भरलीय? झटका मला नाही आला. जानेवारीत बायकोला आला, भांडी घासताना. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि जीभ गेली. डोकं शाबूत आहे म्हणतात. सगळं कळतं, शब्द तेवढा सापडत नाही.

पहिले सहा महिने महत्त्वाचे, असं बेथन म्हणाली. जे परत यायचं ते बहुतेक तेवढ्यात येतं. एकेक शब्द येतोय तो ठीकच. पण दोन शब्द जोडून आले की समजा गाडी रुळावर. म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत.

मी बावीस वर्षं चुनखडीच्या खाणीवर मुकादम होतो. रोज पाळीची वही लिहायचो. हवा, माणसं, सुरुंग, अपघात. तशीच ही लिहीन.

शब्द: नाही (सहा वेळा). चहा.

६ मार्च

अंडी उकडली. फुटली. म्युरिएलने ताट डाव्या हाताने सरकवलं.

ती सगळ्यालाच "नाही" म्हणते. चहा हवा का? नाही. आणि मग पिते. खिडकी लावू? नाही. लावली की गप्प. बेथन म्हणाली असं होतं, एकच शब्द तोंडात बसतो आणि सगळ्याला तोच येतो. म्हणून मी तो मोजायचंही सोडलं. दिवसभर नाही, नाही, नाही. माणसाचं डोकं फिरेल.

शब्द: नाही. ऊन.

११ मार्च

स्वच्छ हवा. कोवळं ऊन. म्युरिएलला खुर्चीत बसवून मागच्या अंगणात नेलं.

आज नवा शब्द. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून जी दगडी भिंत आहे तिच्यावर तिची हनीसकलची फुलवेल आहे. चाळीस वर्षं झाली लावून. नुसतं जंजाळ झालंय, वाळक्या दोरांचा ढीग. मी तिला आजवर बोट लावलेलं नाही. लावूच द्यायची नाही ना. "तू दगडाला हात लाव क्लिफ, झाडाला नको," असं चारचौघांत म्हणायची आणि लोक हसायचे. तर आज तिने डावा हात उचलला, वेलीकडे बोट केलं आणि म्हणाली, "जुनी."

मी म्हटलं, "काय म्हणालीस?"

"जुनी. जुनी." आणि बोट हलवत राहिली. घाम आला होता कपाळाला.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, "होय गं, जुनीच झालीय. मी बघतो तिच्याकडे. उद्याच साफ करतो."

"नाही," म्हणाली. नाही, नाही, नाही. ते तर चालूच असतं.

शब्द: जुनी (तीनदा). नाही.

१२ मार्च

काम फत्ते. मग तमाशा.

सकाळी नऊला करवत आणि झुडपं कापायची मोठी कात्री घेऊन उतरलो. दुपारी एकपर्यंत भिंत मोकळी. सगळे दोर गुडघ्याच्या उंचीवर सपासप उतरवले. दगड दिसायला लागला, चांगला दगड आहे. एक काडी तेवढी राहिली. भिंतीच्या बुडाशी सशांना जायला भोक ठेवलेलं असतं, त्यातून ती कधीच पलीकडे गेलीय, शेजारच्या बॅगशॉ बाईच्या अंगणात. तिथे जाऊन कापायची म्हणजे त्या बाईचं तोंड बघणं आलं. राहू दे म्हटलं.

म्युरिएलला खिडकीशी आणून दाखवलं. म्हटलं, "बघ. कशी झाली?" तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हातातला कप घरातल्या भिंतीवर मारला. डाव्या हाताने, पण नेम बरोबर. चहाचा ओघळ अजून आहे.

रडली. मीही आवाज चढवला, खोटं कशाला लिहू. सांगते तेच केलं ना मी? पाठीचा काटा ढिला झालाय माझा, त्र्याहत्तरावं चालू आहे, आणि वर कप. माणसाने करावं तरी काय?

शब्द: नाही. बाकी जे होते ते शब्द नव्हते.

३० मार्च

बेथन आली. कपाचा ओघळ बघितला. म्युरिएलची प्रगती बरी आहे म्हणाली. खिडकी, लोणी, पाऊस, माझं नाव. माझं नाव ती आता फक्त मला हाकलायला वापरते.

शब्द: वर आहेत तेच.

२४ एप्रिल

ऊबदार.

वेलीला पालवी फुटलीय आणि कशी. तुकतुकीत, हिरवीगार, रोज वीतभर वर. तिच्या चाळीस वर्षांत असली पानं नव्हती. म्युरिएलला मुद्दाम बाहेर नेलं. म्हटलं, "आता बोल. मेली असती ना वेल, मी कापली नसती तर?"

तिने पान हातात धरलं. रागावली नाही आज. ओठ बराच वेळ हलत होते. मग आलं, "पुढच्या."

पुढच्या कुठे? पुढच्या दाराला न्यायचं? खुर्ची फिरवली, घराला वळसा घालून तिला पुढच्या दाराशी आणलं. तिथे काय आहे, रस्ता आणि पोस्टाची पेटी. तिने खुर्चीच्या हातावर मूठ आपटायला सुरुवात केली. "पुढच्या. पुढच्या." अगं पुढच्याच दाराशी आहोत की. शेवटी मी तिला तिथेच सोडून आत आलो आणि पाच मिनिटं नळ सोडून उभा राहिलो. मग जाऊन आणली.

शब्द: पुढच्या (चारदा).

८ मे

आज बॅगशॉ बाईला पत्र दिलं.

ही डोरीन बॅगशॉ तीन वर्षांपूर्वी चेस्टरफील्डहून शेजारी आली. नवरा वारलेला. तिच्याकडे पाण्याच्या झोताने फरशा धुवायचं यंत्र आहे, रविवारी सकाळी चालवते, तेही आमच्या भिंतीशी. आणि मला "बदका" म्हणते. मान्य, आमच्या डर्बीशरमध्ये जो तो ज्याला त्याला बदका म्हणतो, खाटीकही म्हणतो. पण मला घरात बदका म्हणायचा हक्क एकाच बाईचा, आणि ती सध्या म्हणत नाही. तेव्हा दुसऱ्या कुणीही म्हणू नये.

काल वरच्या खिडकीतून ती भिंतीशी, माझी काडी भोकातून निघते तिथे, कात्री घेऊन उभी दिसली. ग्रंथालयात जाऊन कायद्याचं पुस्तक काढलं. शेजाऱ्याला आपल्या हद्दीत आलेली फांदी कापता येते, पण कापलेला माल मालकाचा. मग लिहिलं: "महोदया, भिंतीच्या भोकातून आपल्याकडे आलेली वेल माझी आहे. तिचा कोणताही भाग कापल्यास तो मला परत करावा. क्लिफर्ड रॅग."

अर्ध्या तासात उत्तर आलं. "पत्र मिळालं. लक्षात ठेवीन. काडी बांधत होते, कापत नव्हते. म्युरिएलला चहाला पाठवा. डोरीन."

म्हणे पाठवा. तळपायाची आग मस्तकात गेली.

शब्द: नाही. डोरीन.

(डोरीन. माझ्या घरात.)

२९ मे

कोरडं. ऊन.

वेलीला कळी नाही. एकसुद्धा नाही. दरवर्षी या सुमारास म्युरिएल स्वयंपाकघराची खिडकी उघडायची, नाक बाहेर काढायची आणि म्हणायची, "आला बघ." वास. खाणीतल्या चुन्याच्या धुळीने माझं नाक गेलंय, मला कसलाच वास येत नाही, डांबराचाही नाही. मी आपला "हं" म्हणायचो. सत्तेचाळीस वर्षांच्या लग्नात चाळीस वेळा तरी म्हटलं असेल.

यंदा ती खिडकीशी बसते आणि पानांकडे बघते. नुसता पाला. एवढा पाला आणि फूल नाही म्हणजे मुळाशी काहीतरी गेलंय. मला माहीत आहे काय गेलंय. ते यंत्र. त्यात ती साबण घालते की विष घालते, देव जाणे. ते पाणी भोकातून इकडे येतं. उतार आमच्याकडे आहे.

शब्द: नाही. पाव. पुढच्या (परत, आता मी कुठेही नेत नाही).

५ जून

भांडण. भिंतीवरून. मी खोक्यावर चढून.

मी म्हटलं, "मिसेस बॅगशॉ, तुमच्या त्या यंत्राने माझ्या बायकोची वेल वांझ झाली."

ती म्हणाली, "नुसतं पाणी असतं त्यात, बदका."

"मला बदका म्हणू नका."

"मग काय म्हणू? मुकादमसाहेब?"

"काहीच म्हणू नका. साबण बंद करा."

"ऐका तरी. तुम्ही मार्चमध्ये करवत चालवलीत ना, त्याने..."

मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा. शंभर माणसं हाताळलीत मी खाणीवर. ज्याची चूक तोच पहिल्यांदा दुसऱ्याच्या हत्याराचं नाव काढतो. तसं तिला सांगितलं आणि खोक्यावरून उतरलो. उतरताना घोटा मुरगळला.

शब्द: विचारलं नाही आज.

९ जून

आता हे नवीन. म्युरिएल वॉकर घेऊन चालायला लागलीय, त्याचा आनंद व्हावा, तर ती चालत जाते कुठे? बाजूच्या फाटकातून त्या बाईकडे. चार दिवस झाले. संध्याकाळी सहाला निघते, सातला येते. मला बरोबर येऊ देत नाही, "नाही." आज वरच्या न्हाणीघराच्या खिडकीतून वाकून बघितलं. भिंतीला पाठ लावून बसते, तोंड वर करून, डोळे मिटून. बाई शेजारी विणत बसलेली. भिंतीच्या त्या अंगाला काय आहे ते वरून दिसत नाही, आणि मला बघायचंही नाही.

हसली तिथे. मी ऐकलं. जानेवारीपासून पहिल्यांदा, आणि तेही माझ्या शत्रूच्या अंगणात.

घरी आल्यावर मला म्हणाली, "आला."

मी म्हटलं, "कोण आला?"

"आला. आला." आणि माझी बाही ओढायला लागली, फाटकाकडे. मी नाही गेलो. तिच्या घरी कोण आलं आणि कोण गेलं याच्याशी मला काय करायचंय?

शब्द: आला (पाच वेळा तरी).

१३ जून

फाटकाला कुलूप लावलं. खाणीवरचं जुनं, मोठं. तिचा तोल जाईल, पायऱ्या निसरड्या आहेत. बेथनला तसंच सांगणार आहे.

म्युरिएल सहाला निघाली, कुलपाला हात लावून उभी राहिली. मग वळून परत आली. भांडली नाही. मी भांडणाच्या तयारीत होतो.

शब्द: नाही (एकदा, कुलपाला).

१५ जून

बेथन आली. पाऊण तास चित्रं दाखवत बसली. म्युरिएलने तोंड उघडलं नाही. जेवलीही नाही, काल सकाळपासून. बेथन मला ओसरीत म्हणाली, "काय झालं मधे?"

"काही नाही."

"मिस्टर रॅग, एक महिना आहे हातात. त्यांनीच सोडून दिलं तर मी काय करणार? काहीतरी होतं ज्याच्यासाठी त्या उठत होत्या. ते काय होतं?"

मी म्हटलं मला काय माहीत. माहीत होतं. शेजारी जात होती. पण शेजारी काय आहे ते माहीत नव्हतं.

शब्द: नाहीत.

१८ जून

शब्द: नाहीत. "नाही"सुद्धा म्हणत नाही. चहा हवा का विचारलं की माझ्याकडे बघते, बस्स. मी मार्चमध्ये या शब्दाला कंटाळलो होतो. आज दिवसभर मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारले, नाही म्हणावं म्हणून. तुला खिळे वाढू का? छपरावर झोपतेस का? काही नाही.

घाबरलोय. हे लिहिलं की तरी जरा कमी होईल वाटलं होतं. होत नाही.

२० जून

दुपारी भिंतीवरून हाक. "मिस्टर रॅग." बदका नाही. खोक्यावर चढलो.

पलीकडे शिडीवर ती बाई, हातात माझं पत्र आणि कमरेला एक जुडी, सुतळीने बांधलेली. म्हणाली, "आठ मेचं तुमचं पत्र. तुमच्या वेलीचं काही कापलं तर परत करा, असं लिहिलंय. आज कापलं. घ्या, कायद्याने तुमचं आहे."

जुडीत फुलं. पिवळट, गुलाबी, तुताऱ्यांसारखी, गच्च. मी भिंतीवरून वाकून बघितलं, पहिल्यांदा. तिच्या बाजूची भिंत वरपासून खालपर्यंत फुलांनी भरली होती.

मी म्हटलं, "माझ्याकडे एक फूल नाही आणि तुमच्याकडे..."

"ही तुमचीच वेल आहे. भोकातून आलेली. हिला तुमची करवत लागली नाही, एवढंच."

"म्हणजे काय?"

"आता तरी बोलू द्याल?" बाई थकलेली दिसत होती. "ही जात जुन्या काडीवर फुलते, मिस्टर रॅग. गेल्या वर्षी वाढलेली काडी या वर्षी फूल देते. तुम्ही मार्चमध्ये सगळी जुनी काडी उतरवलीत. आता आलंय ते नवं, त्याला यंदा पालाच येणार. फुलं येतील पुढच्या वर्षी. छाटायची ती फुलून झाल्यावर, जुलैत. हे मला पुस्तकाने नाही सांगितलं. मी राहायला आले तेव्हा म्युरिएलने सांगितलं, याच भिंतीवरून."

मी खोक्यावरून उतरलो. आत येऊन वही काढली. अकरा मार्च, माझंच अक्षर. जुनी, तीनदा. चोवीस एप्रिल. पुढच्या, चारदा. मी तिला पोस्टाची पेटी दाखवली होती. नऊ जून. आला, पाच वेळा तरी. आणि चाळीस वर्षं मी त्याला "हं" म्हणत आलोय.

आणि सगळीकडे "नाही". मी मोजलाच नाही तो.

इतका राग आला, आणि या वेळी तो भिंतीपलीकडे कुणावर फेकता येत नव्हता. मुकादम म्हणे. खाणीवर कुणी "थांब" म्हटलं की शंभर माणसं थांबवायचो मी, का म्हणाला ते नंतर विचारायचो. आणि घरात बायको नाही म्हणते तर करवत चालवली. लाज वाटते. लिहून ठेवतो म्हणजे खोडता येणार नाही.

जुडी तिच्या मांडीवर ठेवली. वही वाचून दाखवली, एकेक तारीख. म्हटलं, "जुनी काडी ठेव, म्हणत होतीस." तिने मान हलवली. "पुढच्या वर्षी फुलेल, म्हणत होतीस." हलवली. "वास आला, म्हणत होतीस. मला दाखवायला ओढत होतीस." तोवर तिने फुलांत तोंड घातलं होतं.

म्हटलं, "परत तुला न विचारता कापू का?"

"नाही," म्हणाली.

कुलपाची किल्ली सापडेना. कुलूप लावलेली फळीच करवतीने कापली. त्या कामाला ती बरी.

शब्द: नाही (एकदा. ऐकला.)

१२ जुलै

ढगाळ, वारा नाही. छाटणीला चांगली हवा.

फुलं संपली. छाटणी बॅगशॉ बाईच्या अंगणात. म्युरिएल खुर्चीत, काठी डाव्या हातात. बाईने ओटच्या पोळ्या आणि चीज आणलं. मी तिची माफी मागितली, फार काही शब्द नव्हते माझ्याकडेही. ती म्हणाली, "पोळी खा." साबणाबद्दल मात्र मला अजून शंका आहे.

रीत अशी: फुलून गेलेल्या काड्या एक तृतीयांश मागे घ्यायच्या, जोमदार डोळ्याच्या, म्हणजे फुटव्याच्या, वर. मेलेल्या आणि गुंतलेल्या बुडातून काढायच्या. यंदाची लांब नवी काडी ठेवायची, ती पुढच्या जूनला जुनी होते. मी कात्री लावायचो, म्युरिएलकडे बघायचो. काठी हलली की कापायचं. "नाही" म्हणाली की हात मागे. तास दीड तास एक चूक नाही.

मग बुडाशी एक चांगली जाड काडी दिसली. माझी खात्री होती ती मेलेली. न बघता कात्री लावली. वरून काठी बसली, खांद्यावर, जोरात. वळलो तर म्युरिएल लाल झालेली, ओठ झगडताहेत. बाईची पोळी हातातच राहिली. मी कात्री उघडी धरून तसाच थांबलो. थांबायला शिकलोय आता.

काडी वाचली. आतून हिरवी होती.

बेथनला उद्या दाखवायचं.

शब्द: येडं बदक. (जोडून.)